अक्षर नसलेलं पुस्तक आणि आईची काळजी

"मॅडम, ह्यात एक अक्षर नाही. मग हा वाचायला शिकणार कसा?"

कोथरूडमध्ये माझ्यासमोर बसलेल्या आईने पिशवीतून पुस्तक काढलं. मुलगा मोठ्या शिशूत, पावणेपाच वर्षांचा. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सोसायटीतली त्याच्या बरोबरीची मुलं अक्षरं गिरवतात आणि हा तासभर चित्रंच बघतो. पुस्तक कपाटात ठेवून द्यावं का, हा तिचा प्रश्न. असे पालक माझ्याकडे दर जूनमध्ये येतात.

पुस्तक होतं जेरी पिंकनी यांचं, २००९चं. गोष्ट इसापाची, सिंह आणि उंदराची. मुखपृष्ठावर नावसुद्धा नाही, नुसता सिंहाचा चेहरा. आत शब्द म्हणाल तर प्राण्यांचे आवाज, बस्स. अमेरिकेत चित्रांसाठी दिलं जाणारं कॅल्डेकॉट पदक २०१० साली ह्याच पुस्तकाला मिळालं.

"घरी कसं वाचता, दाखवा ना," मी म्हटलं. आईने बोट ठेवलं. हा कोण? रंग कुठला? पाय किती? मुलगा उत्तरं देत होता, पण बघत होता खिडकीबाहेर. पुस्तकाची तोंडी परीक्षा झाली होती.

मग मी ताईंना गप्प बसायला सांगितलं. पानं तो उलटेल, त्याला हवी तेव्हा. पहिली काही मिनिटं खोलीत आवाज नव्हता आणि ताईंना ते जड गेलं, हे दिसत होतं. सुटका झालेला उंदीर घरट्यात पिल्लांकडे परततो, त्या पानावर तो थांबला. मागची पानं उलटून पुन्हा पाहिली.

"आई, ही उंदीरआई आहे! बाळं वाट बघत होती."

"म्हणून सिंहाने सोडलं?" मी विचारलं.

"नाही. सिंहाला कुठे माहीत होतं?"

आजीच्या गोष्टीत पिल्लं नव्हती, ती ह्याची ह्यानेच शोधली. मागे जाऊन खात्री केली. कोणाला काय ठाऊक आहे, हेही ताडलं. पुढे धडा वाचताना हेच तर करायचं असतं. अक्षरं मात्र ह्या पुस्तकातून येणार नाहीत, ती वेगळी शिकवावीच लागतात, हेही मी ताईंना स्पष्ट सांगितलं. ह्या वयाच्या मुलाला दोन-तीन चित्रं जोडून काहीच सांगता येत नसेल, तर ऐकणं आणि बोलणं तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं. इथे तशी शंका नव्हती.

त्याची वाक्यं त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या, एवढंच काम मी दिलं.

तीन आठवड्यांनी ताई वही घेऊन आल्या. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्याने ती मला म्हणून दाखवली: "उंदीरआई सिंहाला सोडवायला गेली, तेव्हा बाळांपाशी कोण थांबलं?"

"मॅडम," ताई म्हणाल्या, "दोन दिवस विचारतोय. मला सांगताच येत नाहीये."