‘हे दिवसभर घरात असतात आणि मला घरच उरलं नाही’

काकू समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या त्या एकट्याच. खुर्चीत टेकण्याआधीच म्हणाल्या, "भांडण वगैरे काही नाही हो आमचं. पण हे निवृत्त होऊन सात महिने झाले आणि मला बाहेरून घरी परतायला नको वाटतं." मग जरा दम घेऊन, "परवा यांनी माझे सगळे डबे अक्षरांच्या क्रमाने लावले. सकाळी अर्ध्या झोपेत हात नेहमीच्या जागी गेला आणि चहात साखरेऐवजी मीठ पडलं."

(ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. मूळ तक्रार मात्र इतकी नेहमीची आहे की ती बदलायची गरज पडली नाही.)

अशा वेळी बाईच्या मनात दोन गोष्टी एकदम असतात. एक म्हणजे चीड, आणि दुसरी त्या चिडीची लाज. ‘माणूस आयुष्यभर राबला, आता घरात बसला तर मला डोळ्यासमोर नको, म्हणजे मीच वाईट का?’ वाईट नाही. होम्स आणि राही या दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 साली आयुष्यातल्या 43 बदलांची ताणानुसार यादी केली होती. त्यात जोडीदाराच्या मृत्यूला 100 गुण आणि निवृत्तीला 45. त्याच यादीत ‘पत्नीने काम सुरू करणं किंवा थांबवणं’ अशीही एक नोंद आहे, 26 गुणांची. नवरा कामावरून थांबला तर पत्नीला किती गुण, ही ओळ मात्र तिथे नाही. त्या काळी तो ताण मोजावा असं वाटलंच नसावं.

दुसऱ्या भेटीला काका आले. भांडारविभागात नोकरी झालेली, हाताखाली माणसं, नोंदवह्या, सह्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "मी तिला मदतच करतो." मदतीची यादीही त्यांनी सांगितली. रोज जाऊन ताजी भाजी आणायची. कुंड्यांना दोन वेळा पाणी घालायचं. स्वयंपाक चालू असताना शेजारी उभं राहून गॅस मोठा झालाय का ते बघायचं. शेवटी एक वाक्य आपसूक निघालं: "तिथे माझ्या सहीशिवाय खिळा हलत नव्हता. इथे चमचा कुठे ठेवू हेसुद्धा विचारावं लागतं."

पुढे जाण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते, आणि घरच्यांनीही ती लक्षात ठेवावी. चिडचिड, टीव्हीसमोर तासन्‌तास बसणं, पहाटे लवकर जाग येणं, हे ‘वेळ जात नाही’ म्हणून असू शकतं, तसंच नैराश्याचंही असू शकतं. जवळपास रोज, दिवसाचा बराचसा वेळ, दोन आठवडे किंवा जास्त काळ मन उदास असेल किंवा कशातच रस उरला नसेल, तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. वयस्करांसाठी 15 प्रश्नांची हो-नाही चाचणी आहे. तिच्यात पाचाच्या वर गुण आले तर डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्यायची. थायरॉइड आणि बी-12 यांच्या गडबडीतूनही असंच चित्र दिसतं, त्यामुळे रक्त तपासलेलं बरं. काकांचे गुण तीन आले, रक्तही ठीक होतं. आयुष्यभर तोंडपाठ असलेले हिशोब माणसाला अचानक जमेनासे झाले तर ती वाट वेगळी, तिथे समुपदेशनाच्या आधी मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं.

मग दोघांना एकेक वही दिली. आठवडाभर दर तासाला काय केलं ते लिहायचं आणि पुढे शून्य ते दहामधले दोन आकडे टाकायचे: आनंद किती झाला, आणि ‘हे मला जमलं’ असं किती वाटलं. दिवसातून तीनदा भरायचं, रात्री एकदम नाही. रात्री भरलं की संध्याकाळच्या एका खटक्याचा रंग सकाळच्या आकड्यांनाही लागतो. एकमेकांची वही बघायची नाही.

काकांच्या वहीत दुपारी दोन ते पाच टीव्ही: आनंद तीन, जमलं शून्य. आठवड्यातला सर्वांत मोठा आकडा होता गळक्या नळाचा वायसर बदलल्याचा, आठ. काकूंच्या वहीत सकाळी नऊ ते अकरा सलग दोन आणि एक असेच आकडे. तो वेळ पूर्वी कसा जायचा, असं विचारल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. नवरा ऑफिसला गेलेला, रेडिओ लावलेला, कोणाशी बोलायचं नाही, आपल्या तंद्रीत काम करायचं. ते दोन तास त्यांचे स्वतःचे होते, आणि गेल्यावरच त्यांना ते कळलं.

या घरात काय बिघडलं ते इथे दिसतं. काकांकडे काम होतं, पण एकही काम त्यांचं नव्हतं. ज्याला काम मिळतं पण अधिकार मिळत नाही, तो मदतनीस पुढेमागे तपासनीस होतो. म्हणून ‘तिला मदत करा’ हा सल्ला अशा घरांत उलटतो, आणि तो सगळेच देतात. मदत नको, अख्खं काम द्यायचं. अख्खं म्हणजे ठरवणं, आणणं, करणं, आवरणं आणि चुकलं तर निस्तरणंही. काकांकडे तीन कामं गेली: गॅलरीतल्या कुंड्या, भाजी-वाणसामान आणि आठवड्यातले दोन दिवस रात्रीचा स्वयंपाक. नऊ ते अकरा त्यांनी घराबाहेर असायचं. नुसतं ‘कुठेतरी जा’ सांगून भागत नाही, माणूस तिसऱ्या दिवशी जिन्यातूनच परत येतो. रोजचं ठिकाण आणि परतायची वेळ लिहून ठेवली.

कुंड्या आधी घेतल्या, कारण त्या मरत होत्या. चौदापैकी नऊ रोपांची खालची पानं पिवळी, शेंडे मान टाकलेले आणि माती ओली. फसगत होते ती इथेच. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत भिजलेली राहिली की तिच्यातल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळं गुदमरतात, कुजतात आणि पाणी वर चढत नाही. मग रोप तहानल्यासारखं दिसतं, आणि बघणारा आणखी पाणी घालतो. त्यामुळे पान बघून पाणी ठरवायचं नाही. बोट दोन पेरं मातीत घालायचं. आत ओल लागली तर आज पाणी नाही. कुंडी किंचित उचलून बघितली तरी चालतं, चारआठ दिवसांत हाताला वजन कळायला लागतं. घालायचं तेव्हा मात्र खालून निथळेपर्यंत घालायचं आणि ताटलीत साचलेलं अर्ध्या तासाने ओतून द्यायचं.

कुजायला लागलेलं रोप मातीसकट बाहेर काढायचं. तपकिरी, बुळबुळीत, वास येणारी मुळं स्वच्छ कात्रीने कापायची. पांढरी, टणक मुळं ठेवायची. जेवढी मुळं गेली त्या अंदाजाने वरची पानंही कमी करायची, कारण उरलेल्या मुळांना तेवढी पानं पोसवत नाहीत. कोरडी भुसभुशीत माती, आठवडाभर सावली आणि महिनाभर खत नाही. दुबळ्या मुळांना खत झेपत नाही. काकांनी निचऱ्यासाठी तळाशी दगडगोटे घातले होते. बहुतेक लोक घालतात, आणि त्याने काम बिघडतं. बारीक माती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खालच्या जाड थरात उतरत नाही, त्यामुळे चिखलाचा पट्टा आणखी वर, मुळांजवळ येतो. तळाच्या भोकावर जाळीचा तुकडा ठेवला की पुरे. टोमॅटो लावायचा हट्ट होता, तर कुंडी किमान 30 सेंटिमीटर खोल आणि 15 ते 20 लिटरची घ्यायला सांगितली. टोमॅटोला उलट नियमित पाणी लागतं. दोन दिवस कोरडा, एक दिवस चिंब असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम नीट पोचत नाही आणि त्याच्या बुडाशी काळा खळगा पडतो.

नऊपैकी सहा रोपं जगली. मुळं गुदमरल्याचं काकांनी घरी समजावून सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "माझंही तेच झालं होतं." त्यावर दोघंही हसले म्हणे.

खरेदीत काकांची नोकरीच उपयोगी पडली. कोणत्याही मालाचा किमान साठा असतो, तिथे पोचला की मागणी लावायची, हे त्यांना झोपेतही येत होतं. घरात अशी काही पद्धत नाही, असा त्यांचा समज होता. ती होती, पण काकूंच्या डोक्यात. आता ती फ्रिजच्या दारावर आली. सुक्या जिन्नसांचा एक डबा वापरात, एक पाकीट बंद. बंद पाकीट फोडलं की त्याच क्षणी यादीत. भाजी किलोत मोजायची नाही, जेवणांत मोजायची. आधी पुढच्या तीन दिवसांत काय होणार ते लिहायचं, मग वजन. दोघांच्या एका भाजीला साधारण पाव किलो पुरतं, पालेभाजी जरा जास्त, कारण ती शिजून बसते. पालेभाजी न धुता कोरड्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची, आणि केळी-सफरचंदांपासून लांब, कारण त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने पानं लवकर पिवळी पडतात. कांदे-बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी, पण एकमेकांपासून दूर.

‘स्वस्त मिळाले म्हणून आणले’ या सवयीवर काकू सात महिने बोलत होत्या आणि उपयोग शून्य. दोन आठवडे फेकलेल्या वस्तूंची नोंद काकांनीच ठेवली. दोन किलो टोमॅटो आणले, 700 ग्रॅम टाकले, असं स्वतःच्या अक्षरात लिहिल्यावर ती सवय आपोआप गेली.

स्वयंपाक शिकवताना अडचण निराळी येते. मुरलेल्या हाताला मापं माहीत नसतात. "थोडं मीठ" म्हणजे किती, हे काकूंनाही सांगता येईना. म्हणून पहिल्या वेळी काकांनी काहीच शिजवलं नाही. काकूंच्या हातातून पडणाऱ्या प्रत्येक चिमटीखाली वाटी धरली, मोजलं, लिहिलं. दुसऱ्या वेळी काकांनी केलं तेव्हा काकू घरात, पण स्वयंपाकघराबाहेर. तिसऱ्या वेळी काकू घराबाहेर. एक पदार्थ असा तीनदा झाल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही.

तिसऱ्या आठवड्यात भाजी करपली. चौघांची कृती दोघांसाठी बरोबर निम्मी केली, भांडं मात्र तेच मोठं. मीठ, तेल, मसाला निम्मा करता येतो. पाण्याचं गणित तसं नाही: वाफ भांड्याच्या तोंडाच्या रुंदीप्रमाणे जाते, आतला ऐवज कमी केला म्हणून कमी जात नाही. लहान भांडं घ्यायचं, पाणी निम्म्याहून थोडं जास्त ठेवायचं आणि सांगितलेल्या वेळेच्या दोन तृतीयांशावर झाकण उघडून बघायचं. उरलेलं अन्न दोन तासांच्या आत पसरट भांड्यातून फ्रिजमध्ये, आणि गरम करायचं ते एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत. भाताच्या बाबतीत ढिलाई नको. तांदळातल्या एका जातीच्या जंतूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात बाहेर राहिला की वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

करपल्या भाजीपेक्षा मोठी चूक त्याच रात्री झाली, आणि ती काकूंकडून. काकांनी घासलेली भांडी त्यांनी पुन्हा घासली. बोलल्या काही नाहीत, पण काका समोरच होते. पुढचे दोन दिवस काकांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. काम दिलं म्हणजे ते आपल्या पद्धतीने होणार नाही हे गिळावं लागतं, आणि चाळीस वर्षांच्या हाताला ते अवघड जातं. मग नियम ठरला: शेरे रविवारी संध्याकाळी, वीस मिनिटं, प्रत्येकी जास्तीत जास्त दोन. ‘तुम्ही नेहमी’, ‘तुला कधीच’ ही सुरुवात बाद. ‘मला अमुक लागतं’ असं बोलायचं. आग, फुटकी काच आणि नासलेलं अन्न मात्र रविवारपर्यंत थांबत नाही, तिथे लगेच ओरडायचं.

नातवाचा विषय थोडक्यात सुटला. आजोबा मोकळेच आहेत असं धरून लेकीने पाचही दुपारी त्याला पाठवायला सुरुवात केली होती. काकांनीच तिला दोन वार सांगितले आणि आजारपणाची सवड ठेवली. नाही म्हणण्यापेक्षा वार सांगणं सोपं जातं.

चार महिन्यांनी दोघं एकत्र आले. काकूंच्या वहीत नऊ ते अकरा पुन्हा सहा-सातवर होते. काकांच्या दुपारी अजून रिकाम्याच जात होत्या, तो भाग राहिलाय. डब्यांचं काय झालं विचारलं. खालचं फडताळ काकांचं, अक्षरांच्या क्रमाने. वरचं काकूंचं, त्यांच्या क्रमाने. साखर दोन्हीकडे ठेवली आहे.