चार वर्षांच्या हाताला कुठलं ड्रॉइंग अ‍ॅप?

ताई, आधी टक्स पेंट घालून बघा. 2002 पासून आहे, फुकट आहे, जाहिरात एकही नाही. कॉम्प्युटरवर चालतं, अँड्रॉइडवरही. सेव्ह करताना फाइलला नाव द्यायला लागत नाही, उघडताना चित्रंच दिसतात. ज्याला अजून वाचता येत नाही, त्याला याहून सोपं काय हवं!

जाहिरातींचं एवढं का म्हणते, सांगते. आमच्या धाकट्यानं एकदा दुसऱ्याच एका अ‍ॅपवर रंकाळा काढला होता. निळा गोल, काठावर म्हैस, तिला पाय सहा. शेपटी काढायला बोट टेकवलं नि मधेच जाहिरात उघडली. परत येईपर्यंत चित्र गेलेलं. पोरगं हुंदके देऊन रडलं. त्या म्हशीची मला अजून हळहळ वाटते.

अँड्रॉइड मोबाइल देणार असाल तर सेटिंगमध्ये ‘अ‍ॅप पिनिंग’ चालू करून चित्राचं अ‍ॅप पिन करा, म्हणजे बोट चुकून दुसरीकडे जाणार नाही. आयपॅडवर त्यालाच ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’ म्हणतात.

आयत्या चित्रात रंग भरायची अ‍ॅप्स मात्र मला पटत नाहीत. मुलाला कोरं पान द्या. सुरुवातीला ब्रश आणि चार रंग पुरे, शिक्के नंतर. शेजारी बसा, पण ‘हे काय काढलंस?’ असं विचारू नका. ‘सांग की मला याची गोष्ट’ म्हणा.

आणि खडू-पाटी माळ्यावर टाकू नका हं. खडूवर जोर दिला की रेघ जाड उमटते, ते बोटांना काचेवर कळत नाही.