नाशिकमध्ये रस्ट कंपायलरवर स्वयंसेवकांचा स्प्रिंट घ्यायचाय, तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजची आणि नोकरी करणारी मिळून वीसेक मुलं आहेत, रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा बऱ्यापैकी येते, पण तिच्या कंपायलरला (कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला) कुणीच हात लावलेला नाही. स्प्रिंटला, म्हणजे एकत्र बसून कामं उरकायला, शनिवार-रविवार पुरेल का? पुरेल, पण आधीचे दोन आठवडे कामी लावलेत तरच.

आम्ही पहिल्यांदा गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये बसलो तेव्हा चौदा जणांनी सकाळी दहाला एकाच वाय-फायवर क्लोन, म्हणजे कोडची प्रत उतरवणं, सुरू केलं. जेवणं झाली तरी निम्म्यांचं बिल्ड (कोडपासून चालता कंपायलर बनवणं) झालेलं नव्हतं. दोघी जणी काहीच करायला न मिळता घरी गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

रस्टचा कंपायलर रस्टमध्येच लिहिलाय. म्हणून आधी तयार बीटा कंपायलर उतरवावा लागतो, आणि मग त्याच्याकडून आपला बदललेला कंपायलर बनवून घ्यायचा. प्रकल्पाच्या मार्गदर्शिकेत ३० जीबी मोकळी जागा आणि ८ जीबी रॅम सुचवलीय. ज्यांची मशीन त्याखालची आहे त्यांची कुणाशी तरी जोडी लावा. प्रकल्पाच्या बिल्ड स्क्रिप्टची ‘एक्स डॉट पाय सेटअप’ ही आज्ञा चालवून ‘कंपायलर’ हा पर्याय घ्यायला सांगा, म्हणजे एलएलव्हीएम (कंपायलरचा मशीन कोड बनवणारा भाग) तयार मिळतं, घरी बिल्ड करावं लागत नाही. पहिलं बिल्ड प्रत्येकाने घरीच उरकायचं आणि स्क्रीनवर आलेली बिल्डची शेवटची ओळ ग्रुपवर टाकायची. ज्याची ओळ आली नाही त्याला गुरुवारी फोन करा.

आता काम कुठलं द्यायचं? प्रकल्पाच्या गिटहबवरच्या इश्यूंच्या (नोंदवलेल्या बगांच्या) यादीत ‘ई-नीड्स-टेस्ट’ हे लेबल शोधा. यातले बग आधीच सुटलेले असतात, फक्त ते पुन्हा उगवू नयेत म्हणून टेस्ट हवी असते. छोटा प्रोग्रॅम ‘टेस्ट्स/यूआय’मध्ये ठेवायचा, टेस्ट ‘ब्लेस’ पर्यायासह चालवायची, की अपेक्षित एररची फाइल आपोआप तयार होते. ती मात्र डोळ्यांखालून घालाच. एवढ्यात नवख्याला सगळी वाट एकदा चालून होते.

त्यापुढचं माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे एरर मेसेज. रस्टमध्ये गोंधळात टाकणारा मेसेज हाही बगच मानतात. मुलांना आतापासून सांगा, जिथे अडखळाल तो मेसेज आणि तो कोड वहीत उतरवून ठेवा. इंग्रजी ज्यांची घरची भाषा नाही त्यांना मेसेज नेमका कुठे तोकडा पडतो हे लवकर कळतं, आणि जुन्या जाणत्यांच्या नजरेतून तेच सुटतं. आधीच नोंद झालीय का ते पाहा, नसेल तर नोंदवा. इश्यू घेताना त्याखाली ‘@रस्टबॉट क्लेम’ अशी कमेंट लिहा, म्हणजे तो तुमच्या नावावर लागतो, नाहीतर एकाच बगवर तिघं बसतात.

मार्गदर्शक मुंबईहून येणार असेल तर शुक्रवारी संध्याकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने बोलवा. शनिवारची सकाळ कसारा घाटात जायला नको. रविवारी मिसळ खाऊन दहाला बसलात तरी चालेल.

रविवारी संध्याकाळपर्यंत बदल मर्ज होतील, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतले जातील, असं कुणाला सांगू नका. तपासणारेही बहुतेक स्वयंसेवकच असतात, उत्तराला दिवस लागतात, आठवडेही. म्हणून पुढच्या दोन बुधवारच्या संध्याकाळी आत्ताच ठरवून टाका, तीच मुलं, तीच जागा. तपासणाऱ्याने सुचवलेले बदल तेव्हा एकत्र बसून करता येतात. आमच्या पहिल्या स्प्रिंटमधली जी दोन कामं शेवटी मर्ज झाली, ती अशाच एका बुधवारी पुरी झाली.