‘विदस्टँड’ला ‘अगेन्स्ट’ का चालत नाही?

तुमचे प्रश्न दोन आहेत: ‘द ब्रिज विदस्टूड अगेन्स्ट द फ्लड’ यातलं ‘अगेन्स्ट’ का खोडलं गेलं, आणि ‘विदस्टँड’च्या जागी ‘रेझिस्ट’ चालेल का.

पहिल्या चुकीचं मूळ आपल्या मराठीत आहे. आपण ‘पुरापुढे टिकाव धरला’ म्हणतो, आणि त्या ‘पुढे’साठी इंग्रजीत काहीतरी हवं असं वाटून ‘अगेन्स्ट’ लिहून टाकतो. ‘विदस्टँड’ मात्र सकर्मक आहे. त्याला ‘टिकणे’पेक्षा ‘झेलणे’ जास्त जवळचं. पुलाने पुराचा मारा झेलला: ‘द ब्रिज विदस्टूड द फ्लड’. बस्स. शिवाय ‘विरुद्ध’ हा अर्थ या शब्दात आधीपासूनच आहे. जुन्या इंग्रजीत ‘विद’चा अर्थच ‘विरुद्ध’ असा होता. ‘फाइट विद समवन’मध्ये तो अजून उरला आहे. म्हणजे ‘अगेन्स्ट’ जोडलं की ‘विरुद्ध’ दोनदा येतं.

आता ‘रेझिस्ट’. इथे जरा थांबून विचार करा, कारण शब्दकोशात दोघांपुढे ‘प्रतिकार करणे’च छापलेलं असतं आणि त्यानेच घोटाळा होतो. ‘ही रेझिस्टेड अरेस्ट’ असं ज्याच्याबद्दल लिहितात, तो बहुतेक वेळा पकडला गेलेलाच असतो. त्याने झटापट केली, एवढंच ‘रेझिस्ट’ सांगतं. निकाल सांगत नाही. ‘विदस्टँड’मध्ये निकाल येतो: मारा झाला आणि तरी ती वस्तू, माणूस किंवा मुद्दा शाबूत राहिला. म्हणून ‘विदस्टूड अरेस्ट’ असं कोणी म्हणत नाही. मोहाच्या बाबतीतही रोजच्या बोलण्यात ‘रेझिस्ट’च वापरा.

‘विदस्टँड’ निर्जीव कर्त्यांसोबत फार शोभतं, म्हणजे उष्णता, दाब, वारा, भूकंप झेलणाऱ्या वस्तूंसोबत. ‘बिल्ट टू विदस्टँड अर्थक्वेक्स’ ही रचना तर तोंडपाठच करा. विजेच्या उपकरणांचं इन्सुलेशन किती व्होल्टेज न फुटता सोसतं, त्यालाही ‘विदस्टँड व्होल्टेज’च म्हणतात. अमूर्त गोष्टींत ‘विदस्टँड स्क्रूटिनी’ मला विशेष आवडतं: कसून तपासलं तरी मुद्दा टिकतो.

भूतकाळ ‘विदस्टूड’, ‘हॅज’नंतरही तेच, ‘विदस्टँडेड’ असं रूपच नाही. उच्चारात जोर ‘स्टँड’वर. आणि एखादा माणूस अजिबात सहन होत नसेल, तर ‘आय कान्ट स्टँड हिम’ म्हणा, तिथे ‘विदस्टँड’ नको.

कायद्याच्या भाषेतलं ‘नॉटविदस्टँडिंग’ याच घरातलं. लॅटिनमधल्या ‘नॉन ऑब्स्टान्टे’वरून ते घडलं: अमुक गोष्ट आडवी येत नाही, म्हणजेच ती असूनही. ते नामाच्या आधीही येतं आणि नंतरही. ‘नॉटविदस्टँडिंग द रेन’ आणि ‘द रेन नॉटविदस्टँडिंग’, दोन्ही बरोबर. अर्थ एकच, पाऊस असूनही.