माशांच्या रोगांवर संशोधन: मुलीचा हट्ट की विचारपूर्वक निवड?

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलीला मत्स्यशेतीतील जिवाणू लशींना कसे चकवतात याचा अभ्यास करायचा आहे, आणि पुण्यात राहून असल्या विषयात भवितव्य काय, असे आपण कोथरूडहून विचारले आहे. तिने निवडलेला विषय मला अतिशय मोलाचा वाटतो.

इस्राएलमध्ये 1995 पासून ट्राउट माशांना स्ट्रेप्टोकॉकस इनिए या जिवाणूविरुद्ध लस दिली जात होती, तरी 1997 मध्ये लस दिलेल्या माशांतच पुन्हा मोठी साथ आली. जिवाणू त्याच जातीचा, पण वेगळ्या सेरोटाइपचा, म्हणजे अँटिबॉडींना वेगळा भासणाऱ्या उपप्रकाराचा, निघाला. या जिवाणूभोवती शर्करेचे कवच असते आणि लशीमुळे तयार झालेल्या अँटिबॉडी मुख्यतः ते कवच ओळखतात, त्यामुळे दाटीने वाढवलेल्या हजारो माशांना एकच लस दिली, की कवच घडवणाऱ्या जनुकात योगायोगाने बदल झालेला एखादा जिवाणू तेवढा निसटतो आणि त्याचीच संतती पसरते. ऑस्ट्रेलियात जिताड्याच्या शेतीतही (आपल्या रायगडचा जिताडा तोच) कवचाच्या जनुकांत असे बदल सापडले आहेत. लस निकामी झाली की शेतकरी अँटिबायोटिककडे वळतो, आणि अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू वाढण्याचा धोका माणसांपर्यंत पोहोचतो.

म्हणून हा विषय माशांचा जितका, तितकाच उत्क्रांतीचा आणि जनुकक्रम वाचण्याचा आहे. मायक्रोबायोलॉजी सोडून मत्स्यविज्ञानाच्या पदवीसाठी पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करण्याची गरज मला वाटत नाही. एमएफएस्सीला (मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर पदवीला) बहुतेक ठिकाणी मत्स्यविज्ञानाचीच पदवी मागतात, तेव्हा तिने मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करावी, जॅम आणि जीएटी-बी या प्रवेश परीक्षांची तयारी तिसऱ्या वर्षाच्या आरंभीच सुरू करावी आणि पीएचडीला माशांचे रोगजंतू हा विषय घ्यावा. पाषाणची आयसर आणि विद्यापीठ परिसरातील एनसीसीएस (राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र) या संशोधन संस्था घराजवळ आहेत. माशांच्या आरोग्याचे संशोधन मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत चालते. संख्याशास्त्र आणि पायथन ही संगणकाची भाषा मात्र तिने आत्ताच शिकायला घ्यावे, कारण याच दोन बाबतींत मायक्रोबायोलॉजीचे विद्यार्थी मागे पडलेले मी वारंवार पाहतो.

पीएचडीपर्यंत स्थिर पगार मिळणार नाही, ही गोष्ट घरात आजच बोलून घ्यावी. दिवाळीच्या सुट्टीत तिला उजनी जलाशयावर मत्स्यपालन करणाऱ्यांकडे घेऊन जा. मासे आजारी पडले की ते काय करतात, हे तिने त्यांनाच विचारावे, आणि परतल्यावर तिचा विचार काय झाला ते मला अवश्य कळवावे.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक, पुणे