स्वतःची गाडी घेण्याआधीचा हिशेब : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी यावल तालुक्यातील असून बारा वर्षांपासून दुसऱ्याच्या दहाचाकी ट्रकवर चालक आहे. रावेर-सावद्याहून केळी भरून दिल्लीच्या आझादपूर मंडईत उतरवतो आणि मिळेल ते परतीचे भाडे घेऊन येतो. पगार व भत्ता धरून महिन्याला २५,००० रुपये सुटतात. सध्या २०१९ सालची एक दहाचाकी गाडी २० लाखांत मिळत आहे. माझ्याजवळ ५ लाख आहेत. उरलेले १५ लाख एक फायनान्सवाला १४ टक्क्यांनी ४ वर्षांसाठी द्यायला तयार आहे, मात्र त्यासाठी वडिलांच्या दोन एकरांवर बोजा चढवावा लागेल. जाताना ६२,००० आणि येताना ३८,००० असे फेरीचे १ लाख भाडे होते व महिन्यात तीन फेऱ्या होतात. तीन लाखांतून हप्ता सहज निघेल असे वाटते. गाडी घ्यावी का?

उत्तर : भाऊ, ही गाडी घेऊ नका. तुमच्या मेहनतीबद्दल शंका नाही, पण तुम्ही भाडे मोजले आहे, खर्च मोजलेला नाही. भाडे ही गाडीची कमाई असते आणि त्यातून गाडीचे पोट भरल्यावर जे उरते तेवढेच मालकाचे, म्हणून तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडतो.

जाऊन-येऊन सुमारे २,२०० किलोमीटर, म्हणजे तीन फेऱ्यांचे ६,६०० किलोमीटर झाले. भरलेल्या गाडीचे अॅव्हरेज लिटरला ४ किलोमीटर धरले तर १,६५० लिटर डिझेल लागते आणि लिटरला ९० रुपये धरल्यास १,४८,५०० रुपये, म्हणजे जवळजवळ निम्मे भाडे, टाकीतच जाते. टोलचे फेरीला ९,००० धरून २७,००० होतात. जोडीदार चालकाचा पगार-भत्ता २०,००० आणि दलाली, हमाली, पार्किंग व रस्त्यावरचा किरकोळ खर्च १२,००० धरू. दुरुस्ती, ऑइल आणि ग्रीसिंगला १५,००० हे कमीत कमी आहेत. टायरचा खर्च रोज दिसत नाही, म्हणून नवे मालक तो धरतच नाहीत. पण दहा टायरांचा संच सव्वादोन लाखांच्या आसपास आणि तो साधारण ८०,००० किलोमीटर चालतो असे मानले, तर महिन्याला १८,००० रुपये झिजतात. विमा, कर, परमिट आणि पासिंग (गाडीची फिटनेस तपासणी) यांचे वर्षाचे १,०८,००० धरले तर महिन्याला ९,००० येतात. यात नॅशनल परमिटचे १६,५०० आहेत आणि तुमच्या वजनगटाच्या, म्हणजे २० ते ४० टनांच्या गाडीचा नुसता तृतीय पक्ष विमा १ जून २०२२ पासूनच्या दराने ४३,९५० रुपये अधिक जीएसटी इतका होतो.

ही बेरीज २,४९,५०० होते आणि हाती ५०,५०० राहतात. पंधरा लाखांचा ४ वर्षांचा हप्ता, घटत्या शिलकीवर १४ टक्के व्याज असेल तर, सुमारे ४१,००० बसतो. म्हणजे तुमच्याकडे ९,५०० उरतात. आज दुसऱ्याची गाडी चालवून तुम्ही २५,००० घरी नेता. हप्त्यातून चार वर्षांनी गाडी तुमच्या नावावर मोकळी होईल हे खरे, पण तोवर घर ९,५०० रुपयांत चालवावे लागेल, आणि तेही एकाही फेरीला गाडी रिकामी परतली नाही, एकही दिवस गॅरेजला उभी राहिली नाही, तर. महिन्यातून एकदा परतीचे भाडे हुकले की ३८,००० गेले आणि हप्ता घरातून भरायची वेळ आली.

फायनान्सवाल्याला एक प्रश्न लेखी विचारा: व्याज घटत्या शिलकीवर आहे की फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर? त्याच १४ टक्क्यांचे फ्लॅट व्याज लावले तर हप्ता ४८,७५० होतो आणि चार वर्षांत ३,७२,००० रुपये जास्त जातात. दर दोन्हीकडे ‘१४ टक्के’ असाच सांगितला जातो, त्यामुळे हप्त्यांचा पूर्ण तक्ता हातात आल्याखेरीज सही करू नये.

याहूनही मोठी अडचण गाडीच्या सालाची आहे. भारत स्टेज-६ (बीएस-६) हे गाड्यांच्या धुराचे मानक १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, म्हणजे २०१९ ची गाडी आधीच्या मानकाची, बीएस-४, असणार. राजधानी क्षेत्राच्या वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाच्या निर्देशानुसार दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-४ मालवाहू गाड्यांना दिल्लीत प्रवेशाची सवलत ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. तुमचा सगळा धंदा आझादपूरचा असताना चार वर्षांचे कर्ज अशा गाडीवर काढणे म्हणजे कर्ज फिटण्याच्या कितीतरी आधी रस्ता बंद होणे आहे. ती स्वस्तात का मिळते आहे, याचे उत्तर बहुधा इथेच आहे.

शेताबद्दल मी कळकळीने सांगतो, सातबाऱ्यावर बोजा चढवू देऊ नका. गाडी स्वतःच तारण असताना फायनान्सवाला वर शेतही मागतो, तेव्हा गाडीच्या किमतीतून आपले पैसे वसूल होतील याची त्यालाच खात्री नसते. गाडी ओढून नेऊन लिलावात कमी भावाने गेली, तर उरलेली बाकी शेतावर येते. केळीच्या बागेतल्या दोन एकरांचे मोल मी तुम्हाला वेगळे सांगायला नको.

मग काय करावे? पुढचे वर्षभर चालवत असलेल्या गाडीचाच हिशेब आपलीच आहे असे समजून वहीत लिहा: प्रत्येक फेरीचे डिझेल, टोल, उभे राहिलेले दिवस आणि बुडालेले भाडे. केळीचा हंगाम ओसरल्यावर गाडी किती दिवस थांबते, हे त्या वहीतूनच कळेल. स्वतःचा हिस्सा ८ लाखांवर न्या, तीन महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात ठेवा आणि मगच बीएस-६ गाडी पाहा. तिला धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायच्या युरियाच्या द्रावणाचा खर्च जादा लागतो, तोही धरा. तुमच्या हातात एक गोष्ट मात्र आजच आहे. अॅव्हरेज ४ वरून ४.४ वर नेले तर महिन्याला १५० लिटर, म्हणजे १३,५०० रुपये वाचतात, आणि बारा वर्षांचा हात असलेल्या चालकाला ते जमते. वजन वाढवून ही भर काढण्याच्या फंदात मात्र पडू नका: जादा वजनाचा दंड २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे.

प्रश्न : मी धुळ्याचा असून माझी एकच गाडी सुरत आणि इंदूरला चालते. निम्मे भाडे आगाऊ मिळते, बाकी पोच दिल्यावर. दोन दलालांकडे मिळून १,४०,००० रुपये चार महिन्यांपासून अडकले आहेत. ‘पार्टीने दिले नाहीत’ एवढेच उत्तर मिळते.

उत्तर : पार्टीने दिले की नाही हा दलालाचा आणि पार्टीचा प्रश्न आहे, बिल्टी (मालवाहतुकीची पावती) ज्याने दिली, भाडे ज्याने ठरवले, देणे त्याचे. प्रत्येक फेरीची बिल्टी, सही-शिक्क्याची पोच आणि आगाऊ रकमेची नोंद एकत्र करून लेखी मागणी नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर ती या आठवड्यात करा, कारण वाहतूक ही सेवा आहे आणि २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. नोंदणीआधीच्या भाड्यांबद्दल समोरचा वाद घालेल, त्यासाठी दिवाणी दाव्याची तीन वर्षांची मुदत लक्षात ठेवा.

आणखी एक. तुमच्या भाड्यातून टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) कापला जात असेल, तर दहा किंवा त्यापेक्षा कमी गाड्यांच्या मालकाने तसे लेखी देऊन पॅन कळवले की कपात करता येत नाही. अडचणीच्या महिन्यात ती रक्कमही उपयोगी पडते.

प्रश्न : मी शहाद्याची गृहिणी आहे. आमची गाडी माझ्या नावावर आहे आणि यजमान ती चालवतात. विम्यात मालक-चालकाचे १५ लाखांचे संरक्षण असल्याचे एजंटने सांगितले. अपघात झाल्यास ते यजमानांना लागू होईल ना?

उत्तर : ताई, पॉलिसी आजच उघडून पाहा. ते १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आरसी बुकावर ज्याचे नाव आहे त्या मालकाला, आणि त्याच्याकडे चालू परवाना असेल तरच, मिळते. नाव तुमचे, परवाना यजमानांचा, म्हणून त्या कलमाचा लाभ त्यांना मिळेल असे धरून चालू नका. एक मार्ग म्हणजे गाडी त्यांच्या नावावर करणे. गाडीवर कर्ज चालू असेल तर त्याला फायनान्स कंपनीची संमती लागेल. दुसरा आणि लवकर होणारा मार्ग म्हणजे त्यांच्या नावाने स्वतंत्र अपघात विमा आणि टर्म विमा (ठरावीक मुदतीचा जीवन विमा), कर्ज असल्यास किमान त्या रकमेइतका, घेणे. दोन्ही घेताना ते ट्रक चालवतात हे अर्जात स्पष्ट लिहा. व्यवसाय लपवला तर दावा नाकारायला कंपनीला कारण मिळते. त्यांचा परवाना, गाडीचे फिटनेस आणि परमिट यांच्या मुदती एका कागदावर लिहून घरात दिसेल अशा जागी लावा, कारण रस्त्यावर असलेल्या माणसाच्या त्या लक्षात राहत नाहीत आणि दाव्याच्या वेळी सर्वात आधी त्याच तपासल्या जातात.