तुरीची मर: ट्रायकोडर्मा आणि बुरशीनाशक एकत्र नको

प्रश्न (बार्शी तालुका): फुलोऱ्यातली तूर जागोजाग वाळतेय. दुकानदार म्हणतो, कार्बेन्डाझिम आणि ट्रायकोडर्मा एकत्र करून आळवणी करा, म्हणजे झाडाच्या मुळाशी ओता. करावी का?

उत्तर: अजिबात करू नका. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे आणि कार्बेन्डाझिम हे बुरशी मारायचं औषध. एका टाकीत ओतलंत की मित्रबुरशीच आधी मरते, पैसे मात्र दोन्हींचे जातात.

मर, म्हणजे झाड उभ्या उभ्या वाळवणारा रोग, आहे का ते आधी बघा. वाळणारं झाड उपटून बुंध्याशी खोड उभं चिरा. आत तपकिरी-काळ्या रेघा दिसल्या की फ्युजॅरियमची मर समजा. ही बुरशी मुळातून शिरून पाणी चढायच्या नळ्याच बंद करते. म्हणून रानात ओल असूनही झाड सुकतं, आणि सुकलेलं झाड कुठल्याही आळवणीनं परत हिरवं होत नाही. मुळासकट उपटून जाळा. राहिलेल्या धसकटात बुरशी तीन वर्षंसुद्धा टिकते.

ट्रायकोडर्माचं काम पेरणीचं, फुलोऱ्याचं नाही. एकरी 1 किलो पावडर 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा. ताजं, गरम शेण नको, त्यात हुमणीही येते. मूठ आवळली तर गोळा व्हावा, पाणी निथळू नये, एवढीच ओल ठेवा. सावलीत ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर ठेवा, मध्ये एकदा वरखाली करा. हिरवट बुरशी चढली की पेरताना ओलीत, तासात (पेरणीच्या ओळीत) टाका. कोरड्या रानावर उन्हात फेकलेलं वाया गेलं म्हणून समजा.

बियाण्याला किलोला 10 ग्रॅम, गुळाच्या पाण्याचा हात देऊन. दुकानदार 50 ग्रॅम सांगेल. बियाला तेवढं चिकटतच नाही, खाली सांडतं. बियाणं कंपनीनं रंगवलेलं, म्हणजे बुरशीनाशक लावलेलं असेल, तर ट्रायकोडर्मा फक्त शेणखतातून द्या. जमिनीत रासायनिक बुरशीनाशक दिलं असेल तर 15 दिवस थांबा. पाकिटावरची मुदत वाचा, आणि दुकानाच्या दारात उन्हात तापलेलं पाकीट घेऊ नका.

या सगळ्याहून मोठा उपाय आपल्या घरचाच आहे: ज्वारी. मर लागलेल्या रानात तुरीवर तूर नको. तिथं ज्वारीची फेरपालट करा, पुढं तूर घ्याल तेव्हा ज्वारीचं आंतरपीक ठेवा, मर कमी येते. वाण बीडीएन 716 किंवा गोदावरीसारखा मरीला तोंड देणारा निवडा.

अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, बाकी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा. चिरलेलं खोड ओळखता येत नसेल तर मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात मुळासकट झाड घेऊन जा, नुसती पानं नेऊ नका.